टक्के उतरवून मिळतील

आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे. परीक्षा जवळ आल्या की त्याच्या काचेवर कागद चिकटतो: ‘प्रोजेक्टचे टक्के उतरवून मिळतील.’ ताप उतरवावा तसे. टक्के म्हणजे, विद्यार्थ्याचं लिखाण आधीच्या कुणाच्या लिखाणाशी किती जुळतं ते कॉम्प्युटरनं काढलेलं प्रमाण. ते मर्यादेच्या वर गेलं की प्रोजेक्ट परत. नियम चांगल्यासाठीच केला असेल. पण चांगल्या नियमाची माती कशी करायची, हे बघायचं असेल तर आमच्याकडे यावं.

मी तिथे समाजशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवायचं मी आणि ठरवायचं दुसऱ्यांनी. शेवटच्या वर्षाच्या मुलांना संशोधन कसं लिहायचं ते शिकवणं माझ्याकडे आहे. दर वर्षी घसा फोडून एकच गोष्ट सांगते: दुसऱ्याचं वाक्य घेतलंत तर अवतरण चिन्हांत ठेवा, पुढे नाव, वर्ष आणि पान लिहा. बहुतेक मुलं माना डोलावतात आणि झेरॉक्सवाल्याकडे जातात.

गेल्या वर्षी एका मुलीनं ते मनावर घेतलं. राहायची शहराच्या कडेला, गोदामांच्या वस्तीत, वाडीला. वडील गोदामात हमाली करायचे, आई तिथेच पोती शिवायची. तिनं विषयही तोच घेतला, गोदामांत काम करणाऱ्या बायांचा. शोधता शोधता तिला विद्यापीठाच्या संकेतस्थळावर याच विषयावरचा एक जुना प्रबंध सापडला. दुसऱ्या कुणी तो गुपचूप उचलून आपल्या नावावर खपवला असता. हिनं तो लिहिणाऱ्या बाईंचा पत्ता काढला. त्या निवृत्त होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, हुडकेश्वरला राहत होत्या. ही बस बदलत बदलत थेट त्यांच्या दारात.

“मॅडम, त्या तर रडूनच राहिल्या होत्या,” ती मला येऊन सांगत होती. “म्हणे, माझा प्रबंध वाचला म्हणून सांगाले आजपर्यंत कोणी आलं नाही. तुयं झालं की मले एक प्रत आणून देजो म्हणे.”

मुलीनं त्या बाईंची वाक्यं जशीच्या तशी घेतली, अवतरणांत, प्रत्येकापुढे नाव आणि पान. मी एकेक ताडून पाहिलं. इतकं स्वच्छ काम माझ्या हातात कधी आलं नव्हतं. मला फार आनंद झाला होता, कशाला लपवू? त्याच आठवड्यात प्रोजेक्ट परत आला. पहिल्या पानावर लाल शेरा होता: ‘परत. नक्कल जास्त.’

मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. त्या प्रोग्रॅममध्ये एक चौकट असते. तिच्यावर खूण केली की अवतरणातला मजकूर आणि संदर्भसूची मोजणीतून वगळली जाते. खूण केलेलीच नव्हती. म्हणजे आमच्याकडे जो प्रामाणिकपणे सांगेल की हे अमक्याचं वाक्य आहे, त्याचे टक्के चढणार. मी ऑपरेटरला म्हटलं, एवढी खूण करून पुन्हा काढ. तो म्हणाला, “सरांनी सांगतलं आहे, सेटिंगले हात नाही लावायचा.”

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांच्या केबिनमध्ये गेले तर ते डबा खात होते.

“मॅडम, तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या? रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट. ते नावं काढून टाका म्हणा तिले. शब्द बदलवा. टक्के आपोआप खाली येतात.”

“सर, नाव काढलं तर ती चोरी होते.”

“कोण पाहून राहिलं नाव?”

माझं डोकंच फिरलं. याच माणसानं मागच्या उन्हाळ्यात, पुतण्याच्या लग्नपत्रिकेत आपलं नाव आतेभावाच्या खाली छापलं म्हणून मांडवात पाय ठेवला नव्हता. स्टाफरूममध्ये महिनाभर तेच ऐकवत होता. पत्रिकेतलं नाव एक ओळ सरकलं तर जन्माचं वैर, आणि एका बाईच्या आयुष्यभराच्या कामावरचं नाव पुसलं तर कोण पाहून राहिलं!

त्याच दिवशी मी मंजूर झालेले प्रोजेक्ट चाळले. एकावर प्रोजेक्ट तपासणाऱ्या समितीनं लिहिलं होतं, ‘संदर्भ भरपूर. उत्तम.’ त्यातली पुस्तकं मी लायब्ररीत शोधली, ग्रंथपालांना विचारलं, इंटरनेटवर पाहिलं. ती पुस्तकं कुणी लिहिलेलीच नव्हती. मोबाईलमधल्या एआयनं रचून दिलेली नावं होती ती. मी ते समितीसमोर ठेवलं. “आता मंजूर झालं, सोडा,” असं उत्तर मिळालं.

मुलीकडे वेळ नव्हता. या वर्षी पास झाली नाही तर शिक्षण बंद, असं घरून सांगून झालं होतं. मी अर्ज दिला, पुन्हा केबिनमध्ये गेले, भांडले. काही हललं नाही. शेवटी ती झेरॉक्सच्या दुकानात गेली. तिला मी कोणत्या तोंडानं अडवणार होते?

बाईंच्या प्रबंधातलं एक वाक्य माझं पाठ झालं होतं: ‘पोतं उचलणाऱ्याला मजुरी मिळते, पोतं शिवणारीला नुसतं काम मिळतं.’ दुकानदारानं त्याचं केलं होतं, ‘गोणी वाहणाऱ्यास वेतन प्राप्त होते व गोणी शिवणाऱ्या महिलेस रोजगार लाभतो.’ अवतरण गेलं, नाव गेलं आणि अर्थही उलटा झाला. टक्के मात्र झकास उतरले. समितीनं मंजुरी दिली.

आता मार्गदर्शक म्हणून माझी सही हवी होती. प्रमाणपत्रावर छापलेलं असतं, ‘हे लेखन विद्यार्थिनीचे स्वतःचे असून इतरांच्या साहित्याचा योग्य निर्देश केला आहे.’ खरं काम चोरी म्हणून परत आलं होतं, आणि ही चोरी खरी आहे असं मी लिहून द्यायचं होतं. सही केली नसती तर तिचं वर्ष गेलं असतं. मी केली. दात खाऊन केली.

सही झाली तरी समोर बसलेली मुलगी उठली नाही. पिशवीतून तिनं लाल शेऱ्याची जुनी प्रतही काढून टेबलावर ठेवली.

“मॅडम, त्या बाईंले कोणती देऊ?”

“हे काय विचारणं झालं? पहिली दे. त्यांचं नाव आहे त्यात.”

“हाव, पण तिच्यावर तुमची सही नाही नं. त्यांना वाटीन, कॉलेजनं हे मानलंच नाही.”

मी ती प्रत ओढून घेतली, आणि ‘नक्कल जास्त’ लिहिलं होतं त्याच्या बरोबर खाली, ठसठशीत अक्षरांत, पूर्ण नावानिशी सही केली.