'झालं' म्हणेपर्यंत

आमच्या घरात भुताखेतांच्या गोष्टी चालत नसत. वडील वकील होते. जेवताना कुणी ऐकीव काही सांगू लागलं, की ते एवढंच विचारायचे, "तू स्वतः पाहिलंस का?" नाही म्हटलं की ते वरणाची वाटी पुढे ओढत, आणि विषय तिथेच संपे. मी पुढे अमरावतीला मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवू लागले. धूर दिसला म्हणजे अग्नी असणारच, हे फळ्यावर लिहून देणारी मी. अंगात येणं, भानामती, सगळं हसून सोडून द्यायचे. आजही देते. म्हणून हे लिहायला फार वर्षं घेतली... आणि जे स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं, तेवढंच लिहिते आहे.

एकसष्ट सालची गोष्ट. अकोल्याला जठारपेठेत आमचं घर; वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझा मोठा भाऊ मधुकर, म्हणजे माझा दादा, यानं वकिलीची सनद पेटीत ठेवून घराच्या पुढच्या खोलीत रेकॉर्ड कंपनी काढली होती. गावच्या नदीच्या नावानं, मोर्णा रेकॉर्ड्स. कंपनी म्हणजे दादा, एक टेप मशीन, आणि ते चालवणारे बशीरभाई. बशीरभाईंचं नदीपलीकडे जुन्या शहरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं.

कॉलेजात असल्यापासून दादाला शॉर्टवेव्हवर परदेशी स्टेशनं लावायचा नाद. अरबस्तानातली, आफ्रिकेतली, कुठल्या कुठल्या डोंगरांतली गाणी. शब्द एक कळत नसे, पण तो रेडिओला कान लावून बसायचा. म्हणायचा, "कुसुम, ही माणसं कुठली कुठं, आणि त्यांचं गाणं आपल्या ओसरीत येऊन राहिलं. आपल्या मेळघाटातलं गाणं परतवाड्याच्या पुढं का जात नाही?" मग त्यानं कोरकूंची, बंजाऱ्यांची, अचलपूरच्या कव्वालांची, गावोगाव नाच-नाट्य करणाऱ्या दंडारवाल्यांची गाणी भरायला घेतली. गावात लोक हसत, "वकीलसाहेबांचा पोरगा जंगलातली गाणी विकून राहिला." विक्री बेताचीच होती. पण कधी कधी एखादी पेटी पार परदेशातल्या शौकिनांकडे जाई, आणि त्या दिवशी दादा सगळ्यांना जिलबी आणी.

त्याची कामाची एक पद्धत होती, ती इथे सांगायला हवी. गाणं भरताना खिडक्यांवर गोधड्या टांगायच्या. दादा दाराशी स्टुलावर बसायचा. बशीरभाई मशीन सुरू करत. थोडा वेळ नुसती खोली टेपवर जाऊ द्यायची. मग दादा हळूच म्हणायचा, "हं... म्हणा." गाणं संपलं तरी कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही. शेवटचा सूर विरला की तो म्हणायचा, "झालं." तेव्हा सगळे श्वास सोडत. आई स्वयंपाकघरात असली तरी हातातला डाव तसाच धरून उभी राहायची, 'झालं' कानावर येईपर्यंत.

नंतर बशीरभाई ब्लेडनं टेपचं पुढचं 'म्हणा' आणि मागचं 'झालं' कापून टाकत. दादाचा तसा हुकूमच होता. "गिऱ्हाइकाला माझा आवाज कशाला?" उरलेली टेप पार्सलनं कलकत्त्याच्या कारखान्यात जाई. तिथून आधी एकच रेकॉर्ड यायची, सॅम्पल. ती ऐकून होकार कळवला की मग बाकीचा माल.

दादा मार्गशीर्षात गेला. दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि आईनं मला विचारलं, "कुसुम, त्याचा आवाज कुठंतरी राहिलाच असेल नं?"

मी कपाटं उघडली. साऱ्या वऱ्हाडाचे आवाज होते. मेलेल्या माणसांचेसुद्धा होते. दादाचा नव्हता. कापलेले तुकडे त्या त्या दिवशीच केराबरोबर जात. मी आईला तसं सांगितलं.  त्या दिवसापासून तिनं पुढच्या खोलीत येणं सोडलं. जेवणही नावापुरतं. विचारलं तर म्हणायची, "भूक नाही. मी त्याचा आवाज विसरून राहिली, कुसुम. काल दिवसभर आठवत बसली, येतच नव्हता."

आईला त्याचा आवाज परत मिळावा, यापलीकडे मला त्या दिवसांत काही सुचत नव्हतं. शाळेची रजा वाढवत मी अकोल्यातच राहिले.

अशात संक्रांतीनंतर एका सकाळी झुनियाबाई दारात उभी राहिली. चिखलदऱ्याच्या घाटाखालच्या गावातली कोरकू म्हातारी. दादाला ती अचलपूरच्या बाजारात भेटली होती. दिवाळीआधी तिचं एक गाणं भरून झालं होतं. रेकॉर्डला दोन बाजू लागतात, दुसरी राहिली होती. त्या बाजूसाठी दादानं आधीच दिवस ठरवून दिला होता, आणि म्हातारीला निरोप पाठवायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. पहिल्या एसटीनं येऊन ती ओसरीवर पाय पसरून बसली.

"दादा कुठी हाय?" तिनं विचारलं.

बशीरभाईंनी तोंड उघडलं. त्यांना ते सांगता येईना. म्हणाले, "येतेत. बसा माय."

मी आत जाऊन आईला विचारलं, परत पाठवू का? आई म्हणाली, "त्यानं बोलावलं आहे नं तिला? मग म्हणू दे."

आम्ही गोधड्या टांगल्या. झुनियाबाई बघत होती. "इतल्या गोधड्या! थंडी वाजते का तुमच्या मशीनले?"

"हो माय. शहरातली हाय, नाजूक हाय," बशीरभाई म्हणाले.

"मंग चाय पाजा तिले. अन् मले बी."

चहा झाला. बशीरभाईंनी माझ्यासमोर नव्या स्पूलचा डबा उघडला. वरची पट्टी मीच फाडली. हे मुद्दाम लिहिते आहे. त्या टेपवर आधीचं काहीही नव्हतं. दाराशी स्टूल रिकामं होतं, त्यावर बसायचं धैर्य मला झालं नाही. मी मशीनजवळ, दाराकडे पाठ करून बसले. बशीरभाईंनी कानांना हेडफोन लावले, चाक फिरू लागलं. माझ्या हातात रिकामा कप राहिला होता, तो मी पितळी ताटलीत ठेवला. खण् असा आवाज झाला. आता मलाच खूण करायला हवी म्हणून मी हात उचलू लागले...

आणि झुनियाबाई गाऊ लागली.

मी हात तसाच खाली आणला. पेरणीचं गाणं होतं. आवाज फाटका, पण खोलीभर उभा राहणारा. गाणं संपलं. ती हलली नाही. मी हलले नाही. दारामागे आईच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. किती वेळ तसे बसलो कोण जाणे. शेवटी बशीरभाईंनीच मशीन बंद केलं.

"'झालं' म्हणायले काहून नाई आला?" झुनियाबाईनं विचारलं.

"कोण, आजी?"

"तुया भाऊ. 'म्हणा' म्हणला, अन् 'झालं' म्हणला नाई. मंग झालं का नाई झालं?"

 मी बशीरभाईंकडे पाहिलं. ते मान खाली घालून हेडफोनची वायर गुंडाळत होते. नीट गुंडाळलेली वायर सोडून त्यांनी ती पुन्हा गुंडाळली. मग त्यांनीच तिला खरं काय ते सांगितलं.

म्हातारी उठली, आत गेली, आणि चुलीपाशी आईच्या शेजारी जाऊन बसली. त्यांचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. एसटीची वेळ झाली तशी ती गेली. आणि कितीतरी दिवसांनी आई पुढच्या खोलीत आली. म्हणाली, "लाव ती टेप."

पण तोवर बशीरभाईंच्या हातांनी रोजचं काम उरकलं होतं. पुढचा तुकडा कापला, मागचा कापला, टाकले. वर्षानुवर्षांची सवय. आईनं विचारल्यावर ते पांढरेफटक पडले. "या अल्ला... ताई, हात आपोआपच चालले."

आम्ही दोघांनी केराची बादली ओसरीवर उलटी केली. चहाची पत्ती, दोरे, शेंगांची टरफलं. पुढचा तुकडा सापडला. बशीरभाईंनी जुन्या धोतराच्या मऊ कापडानं पुसून तो दुसऱ्या टेपला चिकटवला. आई मशीनसमोर बसली. मी डोळे मिटले.

खोलीची घरघर. बाहेर एक कावळा. खण्, माझा कप. मग घरघर. तुकडा संपला.

"पुन्हा लाव," आई म्हणाली. पुन्हा लावला, परत लावला. कप, आणि मग काही नाही. आई उठली, आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली, जणू चूक माझी होती आणि तिनं ती माफ केली होती.

तो तुकडा मी टेबलाच्या खणात ठेवला. उरलेली टेप, फक्त गाण्याची, कलकत्त्याला गेली.

होळीच्या सुमारास सॅम्पल आलं. दुपार होती, उन्हं तापायला लागली होती. बशीरभाई दुकान अर्धवट सोडून आले. ग्रामोफोनला चावी दिली, झुनियाबाईची नवी बाजू लावली, सुई टेकवली. रेकॉर्डची खरखर... कावळा... आणि खण्.

माझा कप.

मी टेबलाचा खण ओढून पाहिला. तुकडा आत होता. तो कलकत्त्याला गेलाच नव्हता. हे मनात येतं आहे तोच, दाराच्या बाजूनं यावा तसा, हळू, जरासा घोगरा—

"हं... म्हणा."

आणि गाणं सुरू झालं.

बशीरभाई जमिनीवर बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाले, "मी ऐकलं होतं, ताई. त्या दिवशीच. हेडफोनमधी. मले वाटलं, याद येऊन राहिली म्हणून कान वाजते. मग तुकडा लावला, त्यात नाई. मंग काय सांगू कोणाले?"

आई दारात केव्हा येऊन उभी राहिली कळलं नाही. ती रडली नाही. ग्रामोफोनपाशी आली आणि त्याच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवून उभी राहिली. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. गाणं संपलं. सुई शेवटच्या रेघेत खर्र खर्र फिरू लागली. रेकॉर्ड खराब होईल म्हणून मी सुई उचलायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"थांब. त्यानं 'झालं' म्हटलं नाही अजून."

चावी उतरेपर्यंत आम्ही तिघंही तसेच थांबलो. तबकडी मंद होत होत आपोआप थांबली.

त्या संध्याकाळी आई वरणभात पोटभर जेवली.

होकार कळवायचा की नाही, हा प्रश्न होता. दादानं आयुष्यभर स्वतःचा आवाज कापून टाकला. आता तो परक्या घरांत वाजू द्यायचा का? पण झुनियाबाईची रेकॉर्डही अडवून धरता येत नव्हती. आई म्हणाली, "होकार पाठव. ऐकू दे लोकांना." मी पाठवला. माल आला. बशीरभाई आणि मी पेटीतली एकेक रेकॉर्ड लावून पाहिली. खरखर, आणि थेट गाणं. कप नाही, कावळा नाही, दादा नाही. कारखान्याला विचारलं, तर उत्तर आलं की साचा एकच, सॅम्पल आणि माल यांत फरक असूच शकत नाही.

मी माझ्या परीनं सगळे तर्क करून पाहिले. जुन्या टेपवरचं उमटलं म्हणावं, तर स्पूल नवं होतं. दुसऱ्या वेळचा आवाज मिसळला म्हणावं, तर त्याच्याआधी वाजणारा कप त्याच दिवसाचा, माझ्या हातचा. आणि आम्हाला भास झाला म्हणावं, तर मग शेजारच्या वकीलकाकांनी, ज्यांना आम्ही काही न सांगता ती रेकॉर्ड ऐकवली होती, "अरे, हा मधूच की!" असं का म्हणावं? धूर आहे. अग्नी कुठं आहे ते मला आजवर सापडलेलं नाही.

आई असेपर्यंत सॅम्पलची ती रेकॉर्ड फक्त तिच्यासाठी लागे, सणावाराला. दर खेपेला सुई थोडा आवाज खरवडून नेते, म्हणून ती मन मारून मागायची नाही. आणि दर खेपेला शेवटी तबकडी आपोआप थांबेपर्यंत आम्ही उभे राहत असू. आई गेल्यावर मी ती एकदाच लावली. 'म्हणा' आता पुष्कळ पुसट झालं आहे. माहीत असणाऱ्यालाच ऐकू येईल.

अमरावतीच्या शाळेत मी परत गेले नाही. कंपनी बशीरभाई आणि मी चालवत राहिलो. गाणं भरताना स्टूल दाराशीच असतं, त्यावर कुणी बसत नाही. 'म्हणा' मी म्हणते. गाणं संपल्यावर मात्र मी काही बोलत नाही. आम्ही तसेच बसून राहतो, दाराकडे न बघता, आणि बऱ्याच वेळानं बशीरभाई मुकाट्यानं मशीन बंद करतात.