अक्काच्या फॉर्मवरची चार अक्षरं

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आधीच सांगतो, म्हणजे वाचून कुणी मला दोरे-ताईत सुचवणार नाही. मी मूळचा खजुरी गावचा, गुलबर्ग्यात एका खासगी दवाखान्यात रेकॉर्ड सेक्शनला आहे. पेशंटचे ॲडमिशन फॉर्म टाईप करणं हे माझं काम. एचटीएन म्हणजे ब्लडप्रेशर, डीएम म्हणजे शुगर, एनकेडीए म्हणजे कुठल्याही औषधाची ॲलर्जी माहीत नाही. हे सगळं इंग्रजी कॅपिटल अक्षरांतच लिहायचं, असा नियम. मी त्यात फार कडक... नव्या टायपिस्टचं एक अक्षर लहान पडलं तरी फॉर्म परत पाठवायचो.

पण एनकेडीए ही चार इंग्रजी अक्षरं लिहिण्याआधी पेशंटला विचारायचं असतं, हे मात्र आम्ही सगळेच विसरलो होतो. फॉर्मवर एनकेडीए आधीच भरलेलं असायचं. दारात लाईन, विचारत कोण बसणार?

दोन वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण, अक्का, पायाच्या जखमेसाठी ॲडमिट झाली. तिला हळ्ळीखेडला दिलेली. फॉर्म मीच भरला.

"कामून रे, मला काहीच इचारंना गेलास?" ती हसत म्हणाली.

"तुजं सगळं मला ठाऊक हाय, अक्का."

तासाभरात इंजेक्शन दिलं. घसा सुजला, श्वास अडकला... संपलं. दाजी भिंतीला टेकून म्हणाले, "मागं गावात ह्याच इंजेक्शननं ती सुजली होती. इचारलं असतं तर सांगितलं असतं की." लग्नानंतरची गोष्ट, मला ठाऊक नव्हती. दवाखान्याने फॉर्म दाखवला, खाली अक्काचीच सही. प्रकरण मिटलं. मी नोकरी सोडली नाही — तेवढी हिंमत नव्हती.

महिन्याभराने, भर दुपारी, आळंदच्या एका म्हाताऱ्याचा फॉर्म उघडला. एचटीएन कॅपिटल, डीएम कॅपिटल, एनकेडीए मात्र लहान अक्षरांत. खोडून पुन्हा टाईप केलं. पुन्हा लहान. तिसऱ्यांदाही तेच. चिडून उठलो आणि, का कोण जाणे, त्याच्या सुनेला विचारलं, "मामांना कुठलं औषध सोसत न्हाई का?"

"व्हय की," ती म्हणाली. "सल्फाची गोळी घेतली की अंगभर फोड येत्यात."

परत येऊन एनकेडीए खोडलं आणि तिथं सल्फाची ॲलर्जी लिहिली.

तेव्हापासून हेच चालू आहे. विचारलं आणि पेशंट नाही म्हणाला, की अक्षरं कॅपिटल. न विचारता पुढे गेलो, की लहान. कीबोर्ड बदलला, कॉम्प्युटर बदलला. बाकीच्यांच्या टेबलावर असं काही होत नाही, ते आजही न विचारताच लिहितात. मॅनेजरना सांगितलं तर म्हणाले, "एका फॉर्मला किती टाईम घालवायलास? डोळे तपासून घे." पेशंटला विचारत चला, असं मात्र त्यांनी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. एकदा संतापून अक्काचा जुना फॉर्म बाहेर काढला. चारही अक्षरं कॅपिटल, नियमाप्रमाणे बिनचूक. मनात आलं — आता जे कोणी माझा हात धरतं, ते त्या दिवशी कुठं मेलं होतं?

मग लक्षात आलं. त्या दिवशी अक्का माझ्यासमोर खुर्चीत बसली होती. स्वतःच्या तोंडाने म्हणत होती, मला इचार. आणि मी विचारलं नव्हतं.