कीप-अलाइव्ह

आखातातल्या सिलिकॉन ओएसिस वसाहतीत, एका छोट्या संस्थेत मी नेटवर्किंग शिकवते. नवरा गेला, मुलगी शिकायला कॅनडाला गेली आणि संध्याकाळी घरात बोलायला कुणी उरलं नाही, तेव्हा रशियन बोलणाऱ्यांची संध्याकाळची बॅच मी मागून घेतली. त्यांचं इंग्रजी जेमतेम, माझं रशियन ‘स्पसीबा’, म्हणजे ‘धन्यवाद’ म्हणण्यापुरतं.

एकदा धड्यात ‘कीप-अलाइव्ह’ हा शब्द आला. कुणीतरी फोनवर भाषांतर पाहिलं आणि वर्गात हशा पिकला. फोन सांगत होता, ‘रुग्णाला जगवा.’

मी म्हटलं, “दोन कॉम्प्युटर जोडलेले आहेत, पण बोलत नाहीत. मग एक जण मधूनमधून रिकामा निरोप पाठवतो. उत्तर आलं की कळतं, पलीकडे कुणीतरी आहे.”

मागच्या बाकावर साठीच्या एक बाई बसायच्या. ताश्कंदला गणित शिकवायच्या. आता मुलीकडे राहत होत्या, माझ्याच इमारतीत. वेळ जावा म्हणून मुलीने त्यांचं नाव घातलं होतं.

त्यांनी विचारलं, “उत्तर नाही आलं तर?”

“पुन्हा दोन-चारदा विचारतो. तरी नाही आलं तर कनेक्शन तुटलं असं धरतो. खलास.”

“फार लवकर धरतो,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मेसेज आला. नुसतं एक टिंब. क्षणभर मला कळेना. मग मीही टिंब पाठवलं. तेव्हापासून रोज चहा उकळायच्या सुमाराला टिंब यायचं. माझ्या मुलीचे मेसेज इंग्रजीत, तेही तिला सवड झाली की. या टिंबाची मात्र मी वाट बघायला लागले.

एका सकाळी ते आलंच नाही. मी पाठवलं, पुन्हा पाठवलं, मग वर जाऊन बेल वाजवली. बऱ्याच वेळाने बाईंनी भिंतीला धरून दार उघडलं. अंग तापाने फणफणलेलं. त्यांची मुलगी कामासाठी अबू धाबीला होती आणि तिला काही कळवलं नव्हतं.

“तिची मीटिंग आहे,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना क्लिनिकमध्ये नेलं, परत आणून मऊ भात आणि मेतकूट भरवलं. ग्लानीत त्या रशियनमध्ये काहीबाही सांगत राहिल्या, मी मराठीत “हो, बरं” म्हणत राहिले. कितीतरी दिवसांनी मी कुणाशी तरी मराठीत बोलत होते. संध्याकाळी मुलगी धावत आली आणि आईजवळ बसून रडली.

पुढे मुलीची नोकरी बदलली आणि दोघी ताश्कंदला परतल्या. निघताना बाईंनी विचारलं, “तुमचं इथे कुणी आहे?”

“आहेत की,” मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, पण टॅक्सी खाली थांबली होती.

टिंब अजूनही येतं, पण ताश्कंदहून कुणाला माझी बेल वाजवता येणार नाही. त्यांच्या फ्लॅटमध्ये आता नवं कुटुंब आलंय. परवा लिफ्टमध्ये भेटले. काहीतरी बोलावं असं मनात होतं, तेवढ्यात माझा मजला आला.