खुणेवरचा पांढरा ठिपका

गल्लीत त्याला कानसेन म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच पसरवलं असावं अशी शंका घ्यायला पुष्कळ जागा होती. चाळीस वर्षं मोटरसायकली दुरुस्त करणारा हा माणूस चालत्या इंजिनाला नुसता कान लावून रोग सांगायचा. दहातल्या सात वेळा तो बरोबर असायचा. उरलेल्या तीन वेळा चूक गाडीच्या मालकाची असायची.

डोळ्यांचा विषय मात्र त्याच्यासमोर काढायची सोय नव्हती. "माझी नजर घारीची आहे," असं तो एकदा टपालवाल्याला छाती ठोकून सांगत होता. तो टपालवाला नव्हता, सख्खा मेहुणा होता. मेहुण्याने ऐकून घेतलं आणि घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं.

दुकान एक आणि धंदे दोन. मागच्या अर्ध्या भागात त्याचे पाने, डबे, उघडलेली इंजिनं. पुढच्या अर्ध्या भागात, उजेडाच्या बाजूला, बायकोचं शिलाई मशीन. लोकांचे कपडे उसवून ती लहानमोठे करून द्यायची. मधल्या फरशीवर तिने खडूची रेघ मारली होती. तेल रेघ ओलांडून आलं की त्या दुपारी जेवणाचा डबा रेघ ओलांडत नसे. दुकानाची किल्ली तिच्या कमरेला असायची, कारण त्याच्याकडे दिली की ती हरवायची, आणि हरवली की समोरच्या फळीवरच सापडायची.

लेकीला हे सगळं दिसत होतं. "बाबा, आता पुरे. दुकान बंद करा," ती एकदा माहेरी जेवताना म्हणाली. "एक दिवस कोणाचं तरी इंजिन फोडून ठेवाल." जावई शेजारीच बसला होता. जावयासमोर नाक कापलं गेलं म्हटल्यावर कानसेन पेटला. "माझ्या हातून एक जरी इंजिन चुकीचं बसलं, तर त्याच दिवशी दुकानाला कुलूप! जावईबापू साक्षीला!" बायकोचा वाढता हात थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याला आमटी जरा कमीच वाढली.

नशीब असं खट्याळ, की पंधरा दिवसांत जावयाचीच गाडी पाणी गाळायला लागली.

"वॉटर पंप," लांबूनच कानसेन म्हणाला. तेवढं तर कोणीही सांगितलं असतं, इंजिनाखाली ते थंड ठेवणाऱ्या हिरव्या पाण्याचं थारोळं साचलं होतं. पण या गाडीची गंमत अशी, की तिचा पंप टायमिंग चेनच्या मागे दडवलेला. पंप काढायचा तर चेन सोडायची, आणि चेन सोडली की पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची एकमेकांशी असलेली वेळ मोडते. ती पुन्हा जुळवावी लागते. त्यासाठी इंजिनाच्या बाजूला सुपारीएवढी खिडकी असते. आत चाकावर दोन बारीक रेघा, एकीपाशी टी, दुसरीपाशी एफ. टीची रेघ खिडकीच्या खाचेशी आणली की पिस्टन बरोबर वर आला. एफची रेघ ठिणगीची, तिच्यावर चेन चढवली की सगळं बोंबललं. पिस्टन वर येतो, व्हॉल्व्ह खाली येतो, आणि दोघं एकमेकांचं टाळकं फोडतात.

कानसेनला यात काही अवघड वाटत नसे. इंजिन उघडायचं, मग कोपऱ्यावर जाऊन चहा प्यायचा, मग परत येऊन टायमिंग लावायचं, हा त्याचा शिरस्ता. आणि गेली दोन वर्षं काम आणखीच सोपं झालं होतं. "कंपन्या सुधारल्या बरं का," तो चहावाल्याला सांगायचा. "हल्ली टीच्या रेघेवर पांढरा ठिपका देतात. खिडकीत बघायचं, ठिपका आला की थांबायचं. पोरखेळ!" अगदी वीस वर्षं जुन्या गाड्यांवरही ठिपका असायचा, याचं त्याला कधी नवल वाटलं नाही. तसंच, बायकोच्या मशीनच्या खणात पांढऱ्या नेलपॉलिशची बाटली सापडली तेव्हा, "या वयात कोणासाठी नटतेस गं?" एवढंच विचारून तो हसला होता.

त्या सकाळी त्याने जावयाच्या गाडीचा जुना पंप काढला, नवा बसवला, आणि सवयीने चहाला उठला. पण जावई स्टूल ओढून इंजिनाला खेटूनच बसला.

"तुम्ही दोघंही जाऊन या ना चहाला," बायको म्हणाली.

"मी चहा सोडलाय, आई," जावई म्हणाला.

"मग मला तेवढं निळं दोऱ्याचं रीळ आणून देता?"

"येताना घेऊन आलोय. लेकीने सांगितलं होतं तुमच्या."

"अहो, मग तुम्ही तरी जा!" ती नवऱ्यावर खेकसली.

"जावईबापूंना एकटं टाकून? माणुसकी आहे की नाही काही!" कानसेन म्हणाला आणि पुन्हा खाली बसला. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. तो त्याला अर्थातच दिसला नाही.

त्याने खिडकीत पाहिलं आणि पान्याने चाक फिरवलं. ठिपका आला नाही. पुन्हा फिरवलं. "तुमची कंपनी एकदम भिकार आहे," तो जावयाला म्हणाला. "साधा ठिपका द्यायला हात आखडतो यांचा." त्याच्या नजरेच्या धुक्यात काहीतरी रेघेसारखं सरकलं. टीची की एफची, ते कळेना. पण जावई बघत होता. रेघ ती रेघ, असं स्वतःला बजावून त्याने चेन चढवली आणि बोल्ट आवळले.

"आता बटण मारायचं?" जावयाने विचारलं.

मारावं, असं कानसेनला फार वाटलं. पण चाळीस वर्षांत एक नियम त्याने कधी मोडला नव्हता. टायमिंग लावल्यावर इंजिन आधी हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचं. मग बटण. "यंत्राला आधी हाताने विचारायचं असतं," असं म्हणून त्याने पाना लावला. पहिली फेरी गेली. दुसरी अर्ध्यावर आली आणि आतून 'टक्' झालं. पाना थांबला.

आवाज इतका बारीक होता की जावयाला ऐकूही आला नाही. कानसेनच्या मनगटातून तो थेट छातीत गेला. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला होता. बटण दाबलं असतं तर जावयाच्या इंजिनाचं भरीत झालं असतं.

"काय झालं, बाबा?"

पंपच खराब निघाला, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात बायको खडूची रेघ ओलांडून आली, हातात नेलपॉलिशची बाटली घेऊन. ती खाली बसली, खिडकीत डोकावली. "ही एफ आहे. चेन उतरवा." त्याने उतरवली. तिने त्याच्या हातातून पाना घेतला, सराईतपणे चाक जरासं पुढे नेलं, आणि शिवणाऱ्या बाईच्या स्थिर हाताने खिडकीत एक पांढरा ठिपका दिला.

कानसेनला ठिपका स्वच्छ दिसला. आणि दोन वर्षांतले सगळे ठिपके एकदम दिसले. एवढ्या कंपन्या सुधारल्या नव्हत्या, एकच बाई तो चहाला गेला की उठत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याला कोणी इतकं सांभाळलं याचं अप्रूप वाटलं, आणि आपल्याला सांभाळायची वेळ यावी याचा भयंकर संतापही आला. नाक ओढत त्याने ठिपक्यावर चेन चढवली. दोन फेऱ्या लोण्यातून सुरी फिरावी तशा गेल्या. बटण दाबताच इंजिन सुरू झालं, आणि त्याचा आवाज ऐकून त्याची मान आपोआप डोलली.

"इंजिनाला काही झालं नाही, बाबा," जावई हळूच म्हणाला. "मी घरी काही बोलणार नाही."

"बोला!" कानसेन ओरडला. "मला दिसत नाही. दोन वर्षं झाली, कदाचित जास्त. चेन मी चुकीची चढवली होती. पैज हरलो, विषय संपला. आणा ती किल्ली!" तो फळी चाचपायला लागला. तेलाचा डबा सांडला. पाने खाली पडले.

बायको मशीनवर परत जाऊन बसली होती. निळा दोरा सुईत ओवायला तिला एका झटक्यात जमलं.

"किल्ली माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "पैज तुम्ही लावलीत, मी नाही. संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. आणि तुमचं तेल रेघेच्या अलीकडे आलंय. दिसत नसेल, तर चष्मा येईपर्यंत मी सांगतेय म्हणून पुसा."