पदराआडचं तोंड

चेहरा हा मनाचा आरसा असतो, असं थोर लोक सांगत आले आहेत. थोर लोक मुरबाड-टोकावडे एसटीने फारसे जात नसावेत.

माझ्या शेजारची बाई सारखी तोंडाला पदर लावत होती. तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी स्वमग्न होती. समोरच्याच्या मनात काय चाललंय, ते तिला एकेक करून शिकवावं लागे.

"मी आता काय करते गो?"

"हसतेस."

"नाय गो, रडते. डोळं बघ माझं."

मुलगी खिडकीबाहेर बघू लागली. बाई मला म्हणाली, "चुलत सासऱ्याच्या दहाव्याला चाललोय, भाऊ. आमच्यात बाया हसतात बी पदराआड नि रडतात बी पदराआड. मी हिला हसायचं तेवढं शिकवलं. मागं एका मयताला ही सगळ्यांचे पदर बघून मोठ्यानं हसली. आज हसली तर आमाला परत कोन दारात उभं करनार नाय."

तिने पुन्हा पदर लावला.

टोकावड्याला दोघी उतरल्या. दहाव्याचं घर थांब्यासमोरच होतं. ओटीवर बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांतल्या मागे बसलेल्या दोघींचा पदर घसरला. त्या हसत होत्या.