थम न म्हणणारे सुभेदार

"बाएँ से, तेज चल!"

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत टाळेबंदीतली सकाळ या आरोळीने सुरू व्हायची. समोरच्या दारातून आधी सुभेदार बाहेर पडायचे. छाती पुढे, मिशा मास्कच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. मागून गाऊनवर ओढणी घेतलेल्या काकू.

फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार साताऱ्याकडचे. काकूंना पार्किन्सन होता. हात थरथरायचा तो थरथरायचाच, पण खरा छळ पायांचा. दारातून बाहेर पडताना पाय जमिनीला चिकटून बसायचे. ठेका दिला की ते सुटतात, म्हणून व्यायाम करून घ्यायला येणारी फिजिओथेरपिस्ट टाळ्या वाजवायची. टाळेबंदीत तिचं येणं बंद झालं आणि सुभेदारांनी टाळ्यांच्या जागी कवायत आणली.

तुम्ही शेजारी असता तर तुम्हीही कान टवकारले असते. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तर सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "अंकल बीमार आंटी पर चिल्लाते हैं." मग त्या जाब विचारायला खाली आल्या. नेमक्या तेव्हा काकू दारात अडकलेल्या. सुभेदारांनी बाईंना हातानेच गप्प केलं आणि हुकूम सोडला. काकूंचा डावा पाय उचलला, मग उजवा. बाईंच्या समोरून जाता जाता काकू पुटपुटल्या, "सारी उमर ऑर्डर मैंने दिया. अब इनकी बारी."

बाईंना हसू आवरेना. पुढे त्याच वरून ओरडायच्या, "शाबाश, आंटी!"

चालून आल्यावर चहा सुभेदार करायचे. काकूंच्या हातून सांडू नये म्हणून त्यांचा कप अर्धाच भरायचे, आणि स्वतःचाही अर्धाच. "फौजेच्या लंगरमध्ये सगळ्यांना सारखंच मिळतं," म्हणायचे. मला हा माणूस तेव्हापासून फार आवडायला लागला.

कवायतीत थांबायचा हुकूम, 'थम', ते मात्र कधीच देत नसत. मी शाळेत शिकवते, अर्धवट राहिलेली गोष्ट मला सोसवत नाही. एकदा विचारलंच.

"ताई, थांबवायचं काम तो आजार करतोयच की. त्यात मी कशाला भर घालू? हिनं एकदा अंथरूण धरलं की संपलं. मी हाय तोवर हिला चालवणार."

दुसऱ्या लाटेत तापाने सुभेदारांनाच गाठलं. ते बाहेरच्या खोलीत वेगळे झोपू लागले. सकाळी हुकूम बंद दाराआडून यायचा, आणि मधे खोकला. काकू घरातल्या घरात चालायच्या.

मग ॲम्ब्युलन्स आली. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून लिफ्टपाशी नेलं. मी माझ्या दारात उभी होते. काकू घाईघाईने त्यांच्यामागे निघाल्या आणि दारातच अडकल्या. पाय जागचे हलेनात, अंग मात्र पुढे झुकत चाललेलं. आता पडतात, असं वाटून मी धावणार होते.

सुभेदारांनी हात वर केला. खुर्ची थांबली.

"बाएँ से..." श्वास पुरेना. तोंडावरचा मास्क आतबाहेर होत होता. "तेज चल."

काकूंचे पाय सुटले. हात पुढे करून त्या थेट त्यांच्याकडे निघाल्या. अगदी जवळ आल्या. आणखी दोन पावलांत त्यांनी सुभेदारांना धरलं असतं.

"थम!"

काकू थांबल्या. सुभेदारांनी खुर्चीतूनच त्यांना सॅल्यूट ठोकला. लिफ्टचं दार बंद झालं.

सुभेदार परत आले नाहीत.

काकूंची लेक गुरुग्रामहून त्यांच्यापाशी राहायला आली. तिचा आवाज फार मऊ, त्याने काकूंचा पाय उचलत नाही. त्यामुळे हुकमाचं काम माझ्याकडे आलं. वर्गात कमावलेला आवाज, तो कामी येतो.

रोज लिफ्टसमोर आलो की काकू उभ्या राहतात. पाय अडकलेले नसतात, ते आता मला ओळखता येतं.

"चला, काकू."

"थम म्हणून गेलेत गं," त्या बारीक आवाजात म्हणतात.

मी घाई करत नाही. दोघी बंद दाराकडे बघत राहतो. मग मी छाती भरून हुकूम देते, आणि काकूंचा डावा पाय उचलतो.