गगनमहालाचं माप

हे गेल्यापासून समाचाराला येणारी माणसं ह्यांच्या विद्वत्तेबद्दल गंभीर चेहऱ्यानं बोलतात, आणि मीही तशाच चेहऱ्यानं ऐकते. मनात मात्र विजापूरच्या गगनमहालात लुगड्याचं टोक धरून उभे असलेले हे दिसतात आणि हसू आवरणं अवघड होतं.

तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे सोलापुरात खालच्या वर्गांना शिकवत. वाचनालयात गगनमहालावर ह्यांचं व्याख्यान ठरलं होतं. ते रंगलं तर वरच्या वर्गांचा इतिहास ह्यांच्याकडे द्यायचा, असं हेडमास्तरांनी सांगून ठेवलं होतं. न पाहिलेल्या महालावर बोलणं ह्यांना पटेना, म्हणून आदल्या रविवारी आम्ही होटगीला गाडी बदलून विजापूर गाठलं.

खाली आदिलशहाचा दरबार, वर राहता वाडा, असं हे मला दाखवत होते. मी वर पाहिलं तर नुसतं आकाश. छप्पर कधीच गेलेलं. पण समोरची मधली कमान भली रुंद. तिचं माप घ्यायलाच हवं, आणि टेप तर घरी टेबलावर राहिलेली. मग ह्यांनी माझ्या गाठोड्यातलं जादा लुगडं बाहेर काढलं. एक टोक ह्यांच्या हातात, एक माझ्या.

तिथला म्हातारा पहारेकरी बराच वेळ पाहत होता. शेवटी म्हणाला, "साब, महल कू साडी पिनाते क्या?"

मी लाजेनं खांबाकडे तोंड फिरवलं. कमान अडीच लुगडी भरली. ह्यांनी वहीत काय मांडलं ते मी पाहिलंच नाही.

व्याख्यान छान चाललं होतं. सोलापूरचा किल्ला निजामशहानं लेकीच्या लग्नात आदिलशहाला आंदण दिला होता, हे ऐकून लोक खुशीत हसले. शेवटच्या सुलतानाला ह्याच महालात चांदीच्या बेड्या घालून मोगल बादशहापुढं उभं केलं म्हणतात, तिथं लोक पुढं सरकून ऐकू लागले. मग कमान आली. "रुंदी साडेबावीस वार," हे म्हणाले, "मी स्वतः मोजली."

पुढच्या रांगेतले एक निवृत्त ओव्हरसियर उठले. "मास्तर, पुस्तकात साठ फूट आहे, म्हणजे वीस वार. बाकीचा इतिहासही असाच मोजलात का?"

हे वही चाळू लागले. कान लाल झाले. हेडमास्तर छताकडे बघत होते. आम्ही बायका मागं, पुस्तकांच्या कपाटाआड. तिथं बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं, की ह्यांनी अडीचाला नवानं गुणलंय. मी ठेंगणी, मला नऊवारी फार होतं. हातमागांच्या ह्या गावात राहून नवऱ्याला बायकोचं लुगडं किती वारांचं ते ठाऊक नव्हतं.

भर सभेत बाईनं बोलायची रीत नव्हती. मी उभी राहिले.

"लुगडं आठवारी होतं," मी म्हटलं. "आठ अडीचं वीस."

मग ओव्हरसियरच आधी हसले, आणि त्यांच्यामागं सगळी सभा. हेडमास्तर डोळे पुसत म्हणाले, "इतिहास तुमच्याकडे दिला, मास्तर. गणित मात्र देणार नाही."

घरी येताना हे अर्ध्या वाटेपर्यंत माझ्या चार पावलं पुढंच चालत राहिले. मला वाटलं, चुकलंच आपलं. मग म्हणाले, "पुढच्या वेळी पहिल्या रांगेत बस. एवढ्या लांबून ओरडायला नको."

बसले. ह्यांच्या शेवटच्या व्याख्यानापर्यंत बसले.